लिफ्टची नाणी

तिबिलिसीच्या या वस्तीत लिफ्ट फुकट हलत नाही.
आत एक लोखंडी डबी असते. वीस तेत्रीचं नाणं टाकलं
की आधी कण्हते, मग उचलते.
उतरायलाही तेवढेच.
म्हणून माझ्या एका खिशात हातमोजे,
दुसऱ्यात चिल्लर.

सकाळी नऊ दहाला कुपी उघडली.
सहा डोस, सहा तासांचं आयुष्य,
यादीत दवाखान्यापर्यंत येऊ न शकणारी सहा माणसं.
निळी पेटी माझ्या मांडीवर,
ओली बाळंतीण बाळ धरते तशी.
झाझा गाडी चालवतो, आणि खड्डा दिसला
की आधीच श्वास रोखतो,
जणू चाक त्याच्याच छातीवरून जाणार आहे.

पहिल्या आजींनी दंडाऐवजी जीभ पुढे केली.
शाळेत असाच गोड थेंब द्यायचे, म्हणाल्या.
दुसऱ्या घरी मुलाने आईला कुशीवर वळवलं,
तव्यावरची भाकरी उलटावी इतक्या सवयीनं.
तिसऱ्या घरी कुत्र्याला पटवण्यातच वेळ गेला.
चौथ्या दारात काळ्या कपड्यांतली मुलगी:
"बाबा गुरुवारी गेले."
यादी बुधवारची होती.

तरी तिने आत बोलावलं,
मधात शिजवलेला गहू चमचाभर हातावर ठेवला.
उभ्याउभ्याच खाल्ला.
घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत
घड्याळाकडे बघितलं.

पाचवं घर आठवत नाही. असं होतं.

मग नववा मजला, ओतार.
जन्मभर याच शहराच्या लिफ्ट दुरुस्त केल्या.
आता डावी बाजू गेलेली, चार वर्षं पलंग भिंतीला टेकून,
भिंतीपलीकडे लिफ्टचा पोकळ गळा.
"पाचव्यावर थबकलीस," मला म्हणाला,
"तुझा दोष नाही. तिथं रुळाला बाक आलाय.
एकोणनव्वदपासून सांगतोय."

सुई टोचली तेव्हाही त्याचा कान भिंतीतच होता.

नंतर पंधरा मिनिटं थांबायचं असतं.
पुरळ उठतं का, श्वास अडकतो का, बघायला.
ती पंधरा मिनिटं ओतारने
पगाराच्या नोटांसारखी थुंकी लावून मोजून घेतली.
मी फोनवर झाझाला हळूच म्हटलं, एक डोस उरलाय,
पन्नास मिनिटं आहेत.
याला ऐकू गेलं. याला सगळंच ऐकू जातं.
"त्सिसाना!" ओरडला,
आणि समोरच्या दारातून सुपाचं भांडं घेऊन
एक बाई आली.

फॉर्मवर प्रश्न होता: चालता येतं का?
"येतं की."
घराबाहेर पडता येतं का?
"या मजल्यापुरतं."

वीज नसायची त्या हिवाळ्यात
ती सहाव्या-सातव्याच्या मध्ये अडकली होती, अकरा तास.
पहाटे ओतारनेच हाताने चक्र फिरवून वर ओढली.
त्यानंतर लिफ्टला हात लावला नाही.
जिने होते, पण आधी भीती, मग गुडघे.
भाजी दोरीने टोपलीतून येते.

याला फॉर्मवर चौकट नाही.
मी समासात लिहिलं: घरबंद.
डॉक्टर काय म्हणतील ते म्हणतील.
तिने बाही वर केली, तोंड फिरवलं,
आणि पुन्हा पंधरा मिनिटं,
या खेपेला तिघांची, सुपासकट.

निघाले तर खिशात एकही नाणं नाही.
मागायची लाज वाटली. नऊ मजले पायी उतरले,
रिकामी पेटी जिन्याच्या कठड्याला आपटत.
आता आपटली तरी चालणार होती.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या डोसला गेले.
ओतार रुसलेला.
"पाहुणा गेला की लिफ्ट खाली जाते.
त्या दिवशी रात्रीपर्यंत कान लावून होतो.
गेलीच नाही."
मग उजवा दंड पुढे करत म्हणाला,
"मी त्सिसानाला सांगितलं,
दोन वाट्या जास्तीचं सूप कर,
पोरगी अजून इथंच कुठंतरी आहे."